विपश्यनेचे पहिले शिबिर: नवख्या साधकाने काय समजून घ्यावे आणि कशी तयारी करावी

ध्यान शिकायचे असेल तर एकदा इगतपुरीला जाऊन या, असा सल्ला महाराष्ट्रात फार सहज दिला जातो. मात्र तिथे दिवसभर नेमके काय करावयाचे असते, हे सल्ला देणारा बहुधा सांगत नाही. जाऊन आलेली माणसे "तो अनुभव घ्यावाच लागतो" एवढे बोलून थांबतात आणि मध्येच परत आलेली माणसे त्याहूनही कमी बोलतात. त्यामुळे नवखा माणूस डोळे मिटताच मन रिकामे होईल, अशी समजूत करून घेऊन जातो. दुसऱ्याच दिवशी मन अधिकच गोंगाट करू लागले की आपल्याला हे जमण्यासारखे नाही, असा निष्कर्ष काढतो. या शिबिरात पायदुखीपेक्षा ही समजूतच जास्त त्रास देते, असे माझे मत आहे. म्हणूनच कागदपत्रे आणि सामान यांच्याआधी मी ध्यानाविषयी लिहिणार आहे.

येथे जे सांगितले आहे ते सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराबद्दल आहे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले गोयंका हे व्यापारी होते. रंगूनचे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते ही साधना शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरे होत आहेत. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते; ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि कचेरीचे काम सांभाळून साधना शिकवत असत. "संसारी माणसाला हे कसे जमणार?" असे विचारणाऱ्यांना मी प्रथम हीच गोष्ट सांगतो.

१. या ध्यानात काय करायचे असते, ते आधी समजून घ्या

शिबिराचे तीन भाग असतात. पहिला शील, म्हणजे दहा दिवस पाळावयाचे पाच नियम: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटे बोलणे नाही, नशा नाही. दुसरा समाधी, म्हणजे मन एका ठिकाणी टिकवण्याचा सराव. त्यासाठी आनापान शिकवतात. तिसरा प्रज्ञा, म्हणजे स्वतःच्या अनुभवातून येणारी समज, आणि तिच्यासाठी विपश्यना. पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान चालते आणि चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते.

आनापानात नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, उजव्या नाकपुडीतून जातो आहे की डाव्या, खोल आहे की उथळ, एवढेच पाहायचे. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. ज्यांनी योगवर्गात प्राणायाम केला आहे त्यांना हेच सर्वांत अवघड जाते, कारण लक्ष गेले की त्यांचा श्वास आपोआप शिस्तीत चालू लागतो. येथे तशी शिस्त नको असते. श्वास जसा असेल तसा राहू द्यायचा आणि आपण केवळ त्याची नोंद घ्यायची.

विपश्यनेत हेच लक्ष डोक्यापासून पायापर्यंत सर्व शरीरावर क्रमाने फिरवायचे असते आणि जिथे जी संवेदना जाणवेल ती पाहायची असते. मुंग्या, उष्णता, खाज, ठणका, स्पंदन, काहीही असो. सुखद संवेदना धरून ठेवायची नाही आणि दुःखद संवेदना झटकायची नाही, याला येथे समता म्हणतात. कोणतीही संवेदना उत्पन्न होते आणि नाहीशी होते, हे पुन्हा पुन्हा स्वतःच्या अंगावर पाहणे हा या साधनेचा गाभा आहे.

या दोन्हींत मन भटकणारच. ते भटकले हे ज्या क्षणी ध्यानात येते, तो क्षण अपयशाचा नसून साधनेचाच असतो, कारण तेव्हाच तुम्ही मनाला परत आणता. तासाभरात मन शंभर वेळा पळाले आणि तुम्ही शंभर वेळा चिडचिड न करता त्याला परत आणले, तर तो तास चांगला गेला, असे खुशाल समजा.

२. घरी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा

आधी काहीही केलेले नसले तरी शिबिराला घेतात. तरीही निघण्यापूर्वी काही आठवडे घरी आनापान करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातून साधनेत मोठी प्रगती होईल म्हणून नव्हे, तर आपले शरीर कसे बसते आणि मन कसे पळते, याची ओळख घरीच झालेली बरी म्हणून.

जागा शांत हवी, पण अगदी नीरव असण्याची गरज नाही. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन लगेच बसणे सोयीचे पडते. जेवल्यावर बसलात तर झोपच येईल. जमिनीवर सतरंजी किंवा घडी केलेली चादर अंथरा आणि तिच्यावर माकडहाडाखाली एक कडक उशी किंवा दुमडलेले ब्लँकेट घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहिली की पाठ फारसे कष्ट न करता सरळ राहते. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी पुरे. गुडघ्यांचा त्रास असेल तर पाठीचा टेका न घेता खुर्चीवर बसा आणि पाय जमिनीला पूर्ण टेकवा.

डोळे आणि तोंड मिटा. लक्ष नाकपुड्यांच्या प्रवेशद्वारापाशी आणा. सुरुवातीला श्वास जाणवणारच नाही, इतका तो सूक्ष्म वाटेल. तसे झाल्यास दोन-चार श्वास मुद्दाम किंचित जोरात घ्या आणि तो जाणवू लागला की पुन्हा नैसर्गिक श्वासावर या. काही मिनिटांनी नाकाखाली आणि वरच्या ओठाच्या वर, जिथे मिशी उगवते त्या लहानशा जागेत, श्वासाचा स्पर्श पाहा. आत येणारी हवा किंचित गार आणि बाहेर जाणारी कोमट लागते. हा फरक पहिल्याच आठवड्यात बहुतेकांना कळतो.

सोबत कोणताही मंत्र, नाम, आकडे किंवा मूर्तीचे रूप जोडू नका. नामस्मरण करणाऱ्या वारकरी घरातील माणसाला हे खटकते आणि ते मी समजू शकतो. नामाला कमी लेखण्याचा हा प्रकार नाही. मन एखाद्या शब्दावर लवकर स्थिरावते, पण मग ते श्वासापाशी आणि पुढे शरीरातील संवेदनांपाशी राहत नाही, म्हणून या पद्धतीत शब्द बाजूला ठेवायला सांगतात. तुमचे नाम तुम्ही दिवसाच्या इतर वेळी घ्यावे. शिबिराचे दहा दिवस मात्र तेही थांबवावे लागते.

पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत उठू नका. विपश्यना, म्हणजे अंगभर लक्ष फिरवण्याची पद्धत, वाचून किंवा चलचित्रे पाहून घरी सुरू करू नये. ती शिबिरातच शिकावी. मुंबईकरांना आणखी एक सोय आहे. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात, म्हणजे २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या मोठ्या घुमटाच्या वास्तूत, भेट देणाऱ्यांना आनापानाची थोडक्यात ओळख करून दिली जाते. रविवारी कुटुंबासह जाऊन येण्यास हे ठिकाण उत्तम आहे.

३. आत्ताच जावे का, हे प्रामाणिकपणे ठरवा

अर्जात शारीरिक आणि मानसिक आजार, चालू असलेली औषधे, गरोदरपण, पूर्वी केलेल्या साधना आणि रेकीसारख्या उपचारपद्धती यांविषयी प्रश्न असतात. "नाकारतील" या भीतीने त्यांतील काहीही लपवू नका. दहा दिवस मौनात आणि दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणे, ही मनावर ताण आणणारी गोष्ट आहे. ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य, सायकोसिस किंवा बायपोलर आजार झाला आहे, त्यांची प्रकृती अशा ठिकाणी बिघडू शकते. त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अर्ज करू नये. शिबिरासाठी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे तर सर्वांत घातक. मनाची अवस्था आत्ताच बिकट असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर शासनाकडून विनामूल्य मदत मिळते. आधी तिथे बोला आणि ध्यानाचे नंतर पाहा.

नुकताच जवळच्या माणसाचा मृत्यू झाला आहे किंवा घर मोडण्याच्या बेतात आहे, अशा वेळी लोक पळ काढल्यासारखे शिबिराला जातात. मी तरी थोडे थांबा असेच म्हणेन.

आजार बरा व्हावा या एकाच हेतूने जाणाऱ्यांनी गोयंकांचीच गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता आणि त्यासाठीच ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखी घालवणे एवढाच उद्देश असेल तर येथे येऊ नका, असे म्हणून ऊ बा खिन यांनी त्यांना प्रथम परत पाठवले. मनाच्या शुद्धीसाठी म्हणून ते पुढे १९५५ साली शिबिराला बसले.

धर्माविषयीही येथेच स्पष्ट बोलणे बरे. ही साधना सांप्रदायिक नाही, असे केंद्रे सांगतात; शिबिरात हिंदू, मुस्लिम, जैन, ख्रिस्ती, बौद्ध असे सर्व येतात आणि कोणाचेही धर्मांतर होत नाही. तरीही शब्दसंपदा बुद्धाची आहे, पहिल्या संध्याकाळी त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हणून घेतले जाते, आणि प्रवचनांत पालीतील वचने व हिंदीतील दोहे सतत येतात. शरण जाणे हे व्यक्तीला नसून बोधीच्या गुणांना आहे, असे तिथे समजावून सांगतात. हे आधी ठाऊक असले की पहिल्या रात्री बिचकायला होत नाही.

४. केंद्र, अर्ज आणि रजा

इगतपुरी हे नाव मोठे असले तरी पहिले शिबिर तिथेच करावे असा नियम नाही. महाराष्ट्रात नाशिक, पुण्याजवळ मरकळ, कोल्हापूरजवळ आळते, नागपूर, नवी मुंबई अशा अनेक ठिकाणी केंद्रे आहेत आणि सगळीकडे शिकवण्याची पद्धत, वेळापत्रक व ध्वनिमुद्रित सूचना सारख्याच असतात. लहान केंद्रात साधक कमी असतात, त्यामुळे सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर चालवणाऱ्या शिक्षकांना, भेटणे सोपे जाते. नवख्यांना मी बहुधा घराजवळचे लहान केंद्रच सुचवतो.

अर्ज धम्म डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावरून करावयाचा असतो. तेथे केंद्र आणि तारीख निवडून नियमावली पूर्ण वाचा आणि मगच अर्ज भरा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी धरून येणारी शिबिरे लवकर भरतात. जागा मिळाल्याचा संदेश आल्यावर तुम्ही नक्की येणार असल्याचे पुन्हा कळवावे लागते. ते न कळवल्यामुळे जागा गमावणारे लोक मी पाहिले आहेत. येणे रद्द करायचे झाल्यास तसेही कळवा, म्हणजे प्रतीक्षायादीतील माणसाला संधी मिळते.

शिकवणी, निवास आणि भोजन यांपैकी कशाचेही शुल्क नाही. नोंदणीसाठी म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो केंद्राचा माणूस नव्हे, असे समजा.

आता रजेचा हिशेब. शिबिर दहा दिवसांचे म्हणून दहा दिवसांची रजा टाकणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात आदल्या दिवशी दुपारी पोहोचावे लागते आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते, म्हणजे तारखा बारा जातात. परतल्यावर एक दिवस घरी मोकळा मिळाला तर फारच चांगले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची तरतूद आहे. आपल्या आस्थापना शाखेत त्याचा शासन निर्णय आणि अटी विचारून घ्या.

सोबत ठेवायची कागदपत्रे:

- जागा मिळाल्याचे पत्र किंवा संदेश, शक्य तर छापील
- आधार किंवा अन्य छायाचित्र असलेले ओळखपत्र, मूळ आणि छायाप्रत
- चालू औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी
- घरच्यांचा संपर्क क्रमांक कागदावर लिहिलेला, कारण फोन जमा झाल्यावर तो आठवत नाही

घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवा. तातडीचा प्रसंग असेल तरच तेथे फोन करावा आणि बाकी दहा दिवस तुमच्याकडून काही कळणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. हे केले नाही तर तिसऱ्या दिवशी तुमचे चित्त नाकपुडीपाशी नसेल, घरी असेल.

५. सामान

सैल सुती कपडे, अंगावर घ्यायला शाल, गजराचे साधे घड्याळ, विजेरी, पाण्याची बाटली, सहज काढता-घालता येणाऱ्या चपला, साबण, टॉवेल, कुलूप, डासांसाठी मलम आणि स्वतःची औषधे. चादर आणि उशीचा अभ्रा न्यायचा की नाही, हे त्या त्या केंद्राच्या पत्रात दिलेले असते. तंग, तोकडे किंवा पारदर्शक कपडे चालत नाहीत. सरसरणारे नायलॉनचे जॅकेटही नको. पहाटे साडेचारच्या शांततेत त्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू जातो.

इगतपुरीला जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्त घ्या. तिथला पाऊस चार-चार दिवस उघडत नाही आणि धुतलेले कपडे वाळत नाहीत. छत्री हवीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी बोचते, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे घ्या.

पुस्तके, वही-पेन, जपाची माळ, पोथी, उदबत्ती, तंबाखू आणि खाण्याचे डबे घरीच राहू द्यावेत. गळ्यातील तुळशीची माळ काढणे तुम्हाला शक्य नसेल तर अर्जाच्या वेळीच केंद्राला विचारा. नोंदणीच्या टेबलावर त्यावरून वाद नको. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेल्यांनी ती काही आठवडे आधीपासून कमी करावी. चहा सकाळी आणि संध्याकाळी मिळतो, पण दिवसातून सहा कप पिणाऱ्याचे डोके पहिले दोन दिवस दुखतेच, म्हणून तेही आधीच आवरते घ्या.

६. पोहोचल्यावर

मुंबईहून इगतपुरीसाठी नाशिककडे जाणाऱ्या गाड्या आहेत. लोकल फक्त कसाऱ्यापर्यंत जाते आणि पुढचा घाट जीपने किंवा एसटीने चढावा लागतो. इगतपुरी स्टेशनवरून धम्मगिरी जवळ आहे, रिक्षा मिळते.

नोंदणीत फोन आणि मौल्यवान वस्तू जमा करून घेतात आणि खोली देतात. स्त्री-पुरुषांचे निवास, भोजनगृह आणि फिरण्याच्या वाटा वेगळ्या असतात; पती-पत्नी एकत्र आले तरी शेवटपर्यंत वेगळेच राहतात. फोन दोन असतील तर दोन्ही द्या. एक फोन बॅगेत बंद करून ठेवणारा माणूस दहा दिवस त्या बॅगेचेच ध्यान करतो.

संध्याकाळी हलके जेवण आणि सूचना झाल्या की आर्य मौन सुरू होते. त्यात बोलणे तर बंद होतेच, शिवाय खुणा, चिठ्ठ्या आणि नजरानजरही बंद होते. निवास किंवा जेवणाची अडचण धर्मसेवकाला, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या स्वयंसेवकाला, आणि साधनेविषयीची शंका सहायक आचार्यांना हळू आवाजात विचारता येते. ही मुभा नवखे वापरत नाहीत. गिझर चालत नाही, शेजारी घोरतो, पोट बिघडले आहे, हे मनात घेऊन चार दिवस बसण्यापेक्षा अर्ध्या मिनिटात सांगून टाकावे.

७. दिवस कसा जातो

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता आणि आंघोळ. आठ ते नऊ सामूहिक साधना आणि पुढे अकरापर्यंत पुन्हा बैठक. अकराला जेवण, बारा ते एक विश्रांती आणि आचार्यांना भेटण्याची वेळ. एक ते पाच साधना. त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाच वाजता चहा, दूध आणि फळ किंवा मुरमुरे. जुने साधक, म्हणजे आधी असे शिबिर पूर्ण केलेले, यावेळी फक्त लिंबूपाणी घेतात. सहा ते सात सामूहिक साधना, सात ते सव्वाआठ गोयंकांचे ध्वनिमुद्रित प्रवचन, मग नऊपर्यंत शेवटची बैठक, आणि साडेनऊला दिवे बंद.

हे वाचून रात्रीचे जेवण नाही याचीच धास्ती वाटते, पण भुकेचा प्रश्न दोन दिवसांत मिटतो. खरी अडचण उलटीच आहे. अकराचे जेवण चांगले असते, पुढे काही मिळणार नाही या धास्तीने लोक ताट भरून घेतात, आणि मग एक ते अडीचची बैठक डुलक्यांत जाते. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा.

पहिला दिवस नवलाईत जातो. दुसरा आणि सहावा हे दिवस जड जातात, असे जुने साधक सांगतात, आणि माझ्या पाहण्यातही निघून जाण्याचे विचार त्याच सुमारास बळावतात. मन त्यासाठी फार सभ्य कारणे शोधते: आईची तब्येत, ऑफिसचे राहिलेले काम, "मला जे समजायचे ते समजले". असा विचार आला तर निर्णय दुसऱ्या सकाळवर ढकला आणि संध्याकाळचे प्रवचन ऐका. बहुतेक वेळा त्या दिवशी तुम्हाला जे झाले, त्याचेच वर्णन त्यात असते. मात्र झोप पूर्ण उडाली आहे, भीतीचे झटके येत आहेत किंवा भास होत आहेत, अशी अवस्था असेल तर सहन करत बसू नका आणि लगेच सहायक आचार्यांना गाठा. ती साधनेची पायरी समजून कोणापासून लपवायची गोष्ट नाही.

विपश्यना दिल्यानंतर दिवसातील तीन सामूहिक बैठकांत अधिष्ठान सांगतात: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात आणि पाय हलवायचे नाहीत. हॉलमधील दृश्य यावेळी पाहण्यासारखे असते. पहिल्या दिवशी एका आसनावर ताठ बसलेली मंडळी आता मांडीखाली, गुडघ्याखाली, घोट्याखाली उशा रचून किल्ले बांधतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण दुखणे एका उशीवरून दुसऱ्या उशीवर जाते. कमरेखाली एक योग्य उंचीची उशी आणि गुडघ्याला आधार एवढे पुरते. तेवढ्याने जमत नसेल तर आचार्यांना सांगून खुर्ची किंवा पाठीचा टेका मागा.

८. दुखणे कसे पाहावे

साधारण चाळिसाव्या मिनिटाला गुडघा पेटतो. तोपर्यंत तुम्ही "गुडघा दुखतो आहे" असे एकच वाक्य मनात म्हणत असता. त्याऐवजी त्या जागी लक्ष नेऊन बारकाईने पाहा. दुखण्याचे केंद्र वाटीच्या आतल्या बाजूला आहे की खाली? तिथे ठणका आहे, ओढ आहे की जळजळ? कडेला ते कुठे संपते? असे पाहू लागल्यावर ध्यानात येते की ती एक सलग वेदना नाही. ती क्षणभर चढते, उतरते, दुसरीकडे सरकते. तिच्यावर "आता संपूर्ण तास असाच जाणार" ही मनाची भर आपणच घातलेली असते. ती भर गळून पडली की उरलेली वेदना सोसता येते. समता या शब्दाचा अर्थ मला प्रवचनापेक्षा गुडघ्याने जास्त शिकवला.

याचा अर्थ शरीराला इजा करून घ्यावी असा नाही. जुनी दुखापत, सांध्याची शस्त्रक्रिया किंवा पायाची संवेदना उठल्यावरही बराच वेळ परत न येणे, यांपैकी काही असेल तर पाय हलवा. अधिष्ठान मोडले म्हणून कोणी रागावत नाही.

याच्या उलट बाजूचा सापळा जास्त फसवा आहे. एखाद्या बैठकीत सर्व अंगभर सूक्ष्म, सुखद लहरी जाणवतात आणि साधक हरखून जातो. पुढच्या बैठकीत तो तेच शोधत बसतो, ते येत नाही, आणि मग दिवसभर खंत करतो. दुखणे नकोसे वाटणे आणि लहरी हव्याशा वाटणे, या दोन्ही प्रतिक्रियाच आहेत. काहींना या लहरी शेवटपर्यंत येत नाहीत. त्यामुळे शिबिर वाया जात नाही. जेवणाच्या रांगेत शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची प्रगती आजमावण्याचा खेळही खेळू नका, तो माणूस कदाचित नुकताच झोपून उठलेला असतो.

झोप येते तेव्हा काही श्वास थोडे जोरात घ्या, आणि तरीही हटली नाही तर बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून या. खोलीत साधना करण्याची मुभा असते त्या वेळी पलंगावर बसू नका. पलंग जिंकतोच.

९. दहावा दिवस, दान आणि त्यानंतर

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावना, म्हणजे सर्वांच्या मंगलाची कामना करण्याची पद्धत शिकवतात आणि मौन सुटते. त्यानंतर एकदम इतके बोलले जाते की घसा बसतो. या दिवशीही बैठका असतात, त्या टाळू नका. दान देण्याची सोय याच सुमारास होते. ज्याने शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान घेण्याचा येथे नियम आहे, म्हणजे तुमचे जेवण आणि निवास आधीच्या कोणा साधकाच्या दानातून झालेले असते. रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवा. ज्याला शक्य नाही त्याला कोणी विचारत नाही.

परतीच्या प्रवासात शक्यतो स्वतः गाडी चालवू नका, कारण आवाज आणि वेग दोन्ही अंगावर येतात. राजीनामा, लग्न, घटस्फोट, भांडणाचा निकाल यांपैकी काहीही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठरवू नका. घरच्यांना लगेच शिबिराला पाठवण्याची मोहीमही उघडू नका. नवसाधकाचा हा उत्साह घरात सर्वांत जास्त वैताग आणतो.

सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, असे केंद्र सांगते. नोकरी, लहान मूल आणि लोकलचा प्रवास असलेल्या घरात हे क्वचितच टिकते, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून शून्यावर येणारे साधक फार आहेत. माझा सल्ला असा की सकाळचा तास आधी पक्का करावा. तोही होत नसेल तर अर्धा तास, पण रोज. संध्याकाळी दमून आल्यावर विपश्यना जमली नाही तर दहा मिनिटे आनापान करावे.

एकट्याने बसणे काही महिन्यांत ढिले पडते, म्हणून आपल्या भागातील साप्ताहिक सामूहिक साधनेचा पत्ता शिबिर संपतानाच केंद्राच्या कार्यालयातून लिहून घ्या. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरेही होतात. मुंबईत ती गोराईच्या पॅगोडात, तर इतरत्र जवळच्या केंद्रात किंवा शहरातील एखाद्या सभागृहात असतात. त्यांना नावनोंदणी लागते, आणि दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण केल्याचा तपशील, म्हणजे केंद्राचे नाव आणि तारीख, विचारला जातो. तो एका कागदावर लिहून ओळखपत्राबरोबर ठेवून द्या.